सेकंड हँड सात सीटर, नऊ महिने आणि एक रिकॉल

गणपती झाल्यावर आठवड्याभरात गाडी घेतली, म्हणजे आता नऊ महिने आणि तेरा हजाराच्या वर किलोमीटर झाले. २०१९ चं मॉडेल, पेट्रोल, सात सीटर, कोल्हापूरच्या एका घरातनं थेट घेतलेली, एमएच ०९ पासिंग, आम्ही राहतो बेळगावात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की सगळी चर्चा ही कंपनी चांगली की ती इथंच अडकते आणि मला रिकॉलबद्दल सांगायचंय ते राहून जातं.

आधी चांगलं सांगतो. जागा भरपूर. मधल्या सीटवर आई, बायको, धाकटी आरामात, मागं दोन पोरं, आणि तरी डिकीत कुंद्याचे चार बॉक्स नि एक बॅग बसते. मागच्या सीटवर मोठ्या माणसानं बसू नये, गुडघे हनुवटीला लागतात, पण पोरांना तीच जागा पाहिजे असते. एसी मागपर्यंत पोचतो. मायलेज हायवेला सतरा, चोर्ला घाटात तेरा-चौदा. चिकोडीचं लग्न, सौंदत्तीला यल्लम्मा, दोनदा गोवा, आणि सासुरवाडी कोल्हापूर असल्यामुळं महिन्यातनं एकदा तरी निपाणी रोड ठरलेला. इतपत सगळं झकास.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत कोल्हापूरहून येताना निपाणी सोडून तवंदी घाट चढत होतो, ऊसाचा सीझन, पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मी ओव्हरटेकला बाहेर काढली आणि इंजिनानं एक झटका खाल्ला, मग दुसरा, आणि गाडी बंद. मीटरवर सगळे दिवे लागले, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक पहिल्या दोन वेळा लागला नि नंतर पेडल घट्ट, पाय देऊन उभारलं तरी थोडंच आत जायचं. मागं लाँग हॉर्न देत ट्रक. कशीबशी डावीकडं पांढऱ्या पट्टीच्या बाहेर आणली. आईनं मागनं एवढंच विचारलं, "का रे थांबवलास?" पाच मिनिटांनी सेल मारला तर चालू, जसं काय झालंच नाही.

आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणाला पेट्रोल खराब. "खटं भरलास?" म्हणून विचारलं, मी म्हटलं कोगनोळीजवळ, तर म्हणाला मग तेच. आमच्याकडं गाडीला काहीही झालं की आधी पंपवाला दोषी, मग इथेनॉल, मग ड्रायव्हर. प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीन केले, ६,४०० रुपये झाले. फेब्रुवारीत परत बंद, ह्या वेळी खानापूर रोडला सिग्नलजवळ. मार्चमध्ये तिसऱ्यांदा.

मेव्हणा पुण्यात असतो, त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर पहिला प्रश्न हाच, "दाजी, रिकॉल बघितलात का?" खरं सांगतो, मला वाटायचं रिकॉल म्हणजे कंपनी गाडी परत घेते. तसं काही नसतं. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांत एखादा पार्ट सेफ्टीच्या दृष्टीनं सदोष निघाला की कंपनी त्या गाड्या बोलावते आणि तो पार्ट तपासून फुकट बदलते नाहीतर दुरुस्त करते, गाडी तुमचीच राहते. वॉरंटीशी त्याचा संबंध नाही, वॉरंटी संपली असली तरी काम फुकटच होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकॉल मॉडेलच्या नावाला नसतो, चेसिस नंबरला, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतःच्या वेगळ्या नंबराला असतो. एकाच गल्लीत दोन सेम गाड्या, एक यादीत आणि एक नाही, असं होऊ शकतं.

मग चेसिस नंबर. कंपनीच्या वेबसाइटवर टाकायची जागा असते. आरसी कार्डावरची छपाई पुसट झालेली, मी बघून टाकला तर "नंबर चुकीचा". तीनदा तेच. मग पॅसेंजर सीटजवळचं मॅट उचललं, खाली कार्पेटला एक कापलेली झडप असते ती उघडली, आत पोरांनी सांडलेले चिरमुरे आणि एक रुपयाचं नाणं, ते झाडून टॉर्च मारला तर पत्र्यावर कोरलेला नंबर दिसला. माझी चूक अशी की शून्याच्या जागी मी ओ टाकत होतो. ह्या सतरा अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. हे माहीत असतं तर अर्धा तास वाचला असता. बरोबर टाकल्यावर लाल अक्षरात आलं, फ्युएल पंप, काम बाकी.

तारीख बघितली तर मी गाडी घ्यायच्या आधीपासनं ते बाकी होतं! म्हणजे ६,४०० रुपये घालून मी प्लग बदलत बसलो आणि दुखणं टाकीत. पंप टाकीच्या आतच असतो. त्यात प्लास्टिकचं एक छोटं चाक फिरत असतं, त्याला इम्पेलर म्हणतात, ते पेट्रोल शोषून फुगतं आणि पंपाच्या बॉडीला घासायला लागतं, घासलं की अडकतं, अडकलं की इंजिनाला पेट्रोल नाही. थोडं थांबलं की सुटतं म्हणून परत चालू होते, आणि म्हणूनच गॅरेजला नेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते. हा आजार एकाच कंपनीचा नाही बरं का, जगभरात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या ह्याच कारणानं बोलावल्या गेल्यात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "चेसिस नंबर हेळ्री सर," म्हणजे सांगा सर. सांगितला. पार्ट नाही, नाव लिहून घेतो, आला की कळवतो. आठ दिवसांनी मीच फोन केला, पंधरा दिवसांनी परत मीच, तेविसाव्या दिवशी पार्ट आला. तोवर गाडी हायवेला काढली नाही, कोल्हापूरला बसनं गेलो. सकाळी दहाला उद्यमबागेच्या बाजूला नेऊन दिली, मधली सीट काढून खालनं पंप बदलला, दुपारी एकला "आयतु सर", म्हणजे झालं सर. बिल शून्य, सही केलेला जॉब कार्ड घेतला, तो आरसीबरोबर फाइलला लावलाय. वॉशिंग मात्र करून दिलं नाही, ते त्यात धरत नाहीत म्हणे. त्यानंतर अडीच महिने एकदाही बंद पडलेली नाही, तवंदी दोनदा चढून झाला.

६,४०० मागितले तर नाही म्हणाले, बाहेरच्या गॅरेजचं बिल चालत नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. लेखी मेल टाकलाय, उत्तर "आम्ही पुढे कळवले आहे" एवढंच.

रिकॉलचं पत्र मला का आलं नाही, तर कंपनीच्या रेकॉर्डला अजून कोल्हापूरचाच पत्ता नि मोबाइल. मी एनओसी आणली, इथला रोड टॅक्स भरला, बेळगावचं केए २२ पासिंग करून घेतलं, आणि मला वाटलं आता सगळीकडं माझं नाव लागलं. आरटीओचं रेकॉर्ड वेगळं, कंपनीचं वेगळं! सर्व्हिस सेंटरला सांगून नाव, पत्ता, नंबर स्वतः बदलून घ्यावा लागतो. बॉर्डरवर आपल्याकडं निम्म्या गाड्या कोल्हापूर, सांगली नाहीतर गोव्यातनं आलेल्या, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितोय. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाले, "होय की, आलेलं काहीतरी पत्र, आमाला वाटलं एक्स्टेंडेड वॉरंटीची जाहिरात." त्यांचीही चूक म्हणवत नाही, मी पण तसली पत्रं फोडत नाही.

कायद्याचं थोडं. २०१२ पासून आपल्याकडं कंपन्यांची सियाम ही संघटना स्वेच्छेचा रिकॉल नियम चालवत होती, कंपनीला वाटलं तर बोलवायचं. मग २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत कलम ११० ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार रिकॉल करायला भाग पाडू शकतं, नाही केलं तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार मालक सरकारच्या 'वाहन' नावाच्या पोर्टलवर टाकू शकतो. मी टाकली नाही कारण रिकॉल आधीच निघालेला होता, पण तुमची गाडी यादीत नसून तसंच वागत असेल तर टाका, तक्रारींच्या संख्येवरनंच पुढं हालचाल होते.

आणि रिकॉलच्या मेसेजमधल्या सूचना वाचा. २०२१ च्या सप्टेंबरात मारुतीनं १,८१,७५४ गाड्या बोलावल्या, अर्टिगा नि एक्सएल सिक्स पण त्यात, मोटर जनरेटर युनिट ह्या इलेक्ट्रिकल पार्टसाठी, आणि काम होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यातनं नेऊ नका, इलेक्ट्रिकल पार्टवर थेट पाणी मारू नका असं सांगितलेलं. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं रोज जाणाऱ्याला ही सूचना न पाळणं पंपापेक्षा महाग पडेल. टकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं पण तेच, आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता नि दमटपणा खाऊन बिघडायचं आणि अपघातात एअरबॅग फुगताना लोखंडाचे तुकडे उडायचे, जुनी गाडी घेताना हे तर बघाच.

परत घेशील का विचाराल तर घेईन, ही गाडी आमच्या घराला बसते. फक्त टोकन द्यायच्या आधी नंबर टाकून बघेन. परवा शेजारच्या काकांनी गडहिंग्लजवरनं सात सीटर आणली, पेढे द्यायला आले तर मी पेढा तोंडात टाकायच्या आधी चेसिस नंबर विचारला, त्यांना कुठं असतो ते माहीत नाही. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन जाणार आहे, मॅट त्यांनीच उचलायचं ठरलंय.