छावणीतले १५ लिटर की गावातले ५५?

"यूएनमध्ये किंवा एखाद्या मोठ्या संस्थेत काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोन वेगळी क्षेत्रं एकत्र झालेली असतात: आपत्तीतलं मदतकार्य आणि विकास सहकार्य, म्हणजे आपत्ती नसतानाही वर्षानुवर्षं चालणारं उभारणीचं काम. दोन्हीकडे जाण्याची तळमळ एकच असते, पण रोजचं काम अगदी वेगळं. पाण्याचंच बघू.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत आले. अशा छावणीत पाण्याचा इंजिनिअर 'स्फिअर' या मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे किमान निकष धरून चालतो: माणशी रोज १५ लिटर, २५० माणसांमागे एक नळ, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त ताटकळावं लागू नये. सकाळी नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते तपासायचं, टँकर कुठे अडकलाय ते बघायचं, संडासाला खेटून कुणी उथळ हातपंप घेतला असेल तर तो बंद करायला लावायचा. पाणी पोचलं की नाही, हे संध्याकाळपर्यंत कळतं.

तोच इंजिनिअर आपल्याकडे गावच्या नळयोजनेवर आला की आकडा होतो माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनचा. पण इथे अडतं ते लिटरवर नाही. पंपाचं वीजबिल कोण भरणार? पाणीपट्टी थकली तर नळ तोडायचा का? वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून ग्रामसभा तापली, तर उत्तर कुणी द्यायचं? नेपाळमध्ये जा नाहीतर टांझानियात, प्रश्न हेच असतात. उद्घाटनाचा फोटो म्हणजे निकाल नव्हे. तीन वर्षांनी नळाला पाणी येतंय का, हा निकाल. तोवर बहुधा तुमची बदली झालेली असते. हे ज्याला सोसवत नाही त्याने विकासाच्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी म्हणून पाहिलं तर मदतकार्याच्या बाजूला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या वैद्यकीय मदत संस्थेत पहिली नेमणूक बहुधा ९ ते १२ महिन्यांची असते, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची त्याहून कमी. प्रवास, राहणं, विमा संस्थेकडे, मानधन बेताचं. फक्त डॉक्टर-नर्सच लागतात असं नाही. गोदाम, गाड्या, जनरेटर सांभाळणारे आणि हिशेब चोख ठेवणारेही लागतात. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर पारडं जड होतं. मात्र घरी तान्हं मूल किंवा आजारी आईवडील असतील, तर हा मार्ग आत्ता नको.

विकासाच्या बाजूला मुक्काम लांबतो, पण करार प्रकल्पाच्या पैशांवर टांगलेला. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली आणि जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मदतकार्यालाही तो फटका बसला, तेव्हा एक बाजू सुरक्षित आणि दुसरी धोक्याची असं समजू नका. यूएनची ज्युनिअर प्रोफेशनल पदं मुख्यतः देणगीदार देशांच्या पैशांवर, त्यांच्याच नागरिकांसाठी असतात. भारतीयांना 'यूएन व्हॉलंटिअर्स'चा दरवाजा जास्त उघडा आहे. तिथे निर्वाह भत्ता मिळतो.

कर्ज काढून परदेशात मास्टर्स करण्याआधी इथेच दोन-तीन वर्षं हाताने काम करा, असाच सल्ला मी देईन. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला. पुन्हा कुठे तशी वेळ आली तर पहिल्या दिवसापासून तिथे जा. पाणी ओसरतं, घरातला चिखल निघतो, टँकर आणि पथकं परतू लागतात. त्या दिवशी तुमचे पाय पथकाच्या गाडीकडे वळतात, की गाळाने भरलेली गावची विहीर उपसायला मागे राहावंसं वाटतं, हे नीट बघा. अर्ज त्यानंतर भरा.