चवथीपासून मेपर्यंत: सात फुटी स्पिनिंग रॉड, ३००० ची रील आणि शापोऱ्यातले चोणक

गणपती पोचवून आल्यावर हा सेट मागवला. सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवरचा कार्बन रॉड, ३००० साईझची स्पिनिंग रील आणि २० पौंडांची ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी), सगळं मिळून सहा हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच मापाचा सेट चार-पाच जण विकतात आणि खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

डब्यावर उडी मारणाऱ्या हिरव्या लार्जमाउथ बासचं चित्र होतं. तो मासा आपल्याकडे नाही. तो अमेरिकेतल्या गोड्या तळ्यांतला. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला आणि त्या विक्रमाला हात लागायला २००९ उजाडलं, तेही जपानच्या बिवा सरोवरात. आपला चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, त्याच्या नात्यातलाही नाही. पण दोघांच्या सवयी इतक्या जुळतात की बाससाठी बनवलेलं सामान गोव्यातल्या आमच्या शापोरा नदीत निमूट चालतं. आडोशाला दबा धरून बसायचं, समोरून काही वाहत आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं, ही दोघांचीही रीत.

घरात हा सेट वापरणारे तिघे. मी, बारा वर्षांची लेक आणि आता सासरेही. नवरा गाडी चालवतो आणि चहा आणतो. सासऱ्यांचं सगळं आयुष्य तंगूस, शिसं, गरी आणि जिवंत सुंगट (कोळंबी) यावर गेलं. प्लास्टिकची मासळी पाहून ते पहिल्यांदा काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता रविवारी पहाटे गाडीत सगळ्यांच्या आधी तेच बसलेले असतात.

मासा कुठे बसतो ते कळलं की निम्मं काम झालं. बासच्या व्हिडिओंत पडलेलं झाड, धक्क्याचे खांब, पाणवनस्पतींची कड दाखवतात. शिवोलीपासून कोलवाळपर्यंत त्याच जागी आपल्याकडे खारफुटीची मुळं, पुलाचे खांब, जुन्या धक्क्याचे दगड आणि सगळ्यात वर मानस. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधातलं हे लाकडी दार भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. उघडलं की आतली बारीक सुंगटं आणि शेवट्यांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर येतात. चोणक हे जाणून असतो. तो धारेत उभा राहत नाही. धार आणि संथ पाणी जिथे मिळतं, फेसाची रेघ दिसते, त्या रेघेच्या संथ बाजूला तो असतो. ल्यूर, म्हणजे ती नकली मासळी, धारेत टाकून त्या रेघेवरून आत वळवायचा. रेघेपासून दोन हात लांब टाकलात तर सकाळभर हात दुखेल, बाकी काही नाही.

मानशीतली मासळी लिलावाने दिलेली असते. दारापाशी जाळं असेल तर तिथे टाकू नये, आणि नसेल तरी लिलाव घेतलेल्या माणसाला आधी विचारावं. आम्ही विचारतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट पाणी कधी सुटणार ते सांगतात.

वेळेसाठी माझ्या फोनवर भरती-ओहोटीचं ॲप आहे. सासरे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हिशेब मुंबई-रत्नागिरीकडचा. आमच्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते, पण नदीत जितकं आत जावं तितकी उशिरा पोचते, त्यामुळे शिवोलीच्या वर या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात आणि सासरे ॲपइतकेच बरोबर ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार धावतं. तेव्हा १४ ग्रॅमचं जिग हेड (गरीला जोडलेलं शिशाचं डोकं) लावलं तरच ल्यूर तळाशी जातो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला, ७ ग्रॅम पुरतं. चावे सगळ्यात जास्त येतात ते ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत. पाणी थांबलं की मासाही थांबतो, मग डबे उघडायचे.

मुलांना शिकवायला सगळ्यात सोपा ल्यूर म्हणजे चार इंची सॉफ्ट प्लास्टिक, शेपटी हलणारं. फेकायचं, तळाला लागू द्यायचं, लाइन सैल पडलेली दिसली की रीलचे तीन वेढे सावकाश, मग टोक हातभर उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. दहातले आठ चावे ल्यूर खाली पडताना येतात, तेव्हा डोळे लाइनवर हवेत. मुळांच्या जवळ टाकायचं तर बासवाल्यांचं टेक्सास रिग वापरा: गोळीसारखं शिसं पुढे, आणि गरीचं टोक प्लास्टिकमध्येच लपवलेलं. ते मुळांत अडकत नाही, आणि तांबसो हा लालसर मासा त्याच मुळांत असतो. मात्र तांबसो लागला तर पहिल्या दोन सेकंदांत बाहेर ओढावा लागतो. तो पुन्हा आत घुसला की मासा, ल्यूर, लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला जाड तुकडा) सगळ्यावर पाणी सोडायचं.

चोणकाचं उलट. त्याला ओढून चालत नाही. नोव्हेंबरमध्ये लेकीला पहिला लागला तेव्हा चावा आधी ऐकू आला, पाण्यावर टाळी वाजल्यासारखा. तिने दोन्ही हातांनी रॉड आभाळाकडे उचलला, सगळेच उचलतात, आणि मासा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकायला लागला. मागून सासरे ओरडले, "वडूं नाका गे, धांवूं दी ताका!" (ओढू नको गं, धावू दे त्याला.) तिने टोक खाली पाण्याला टेकवलं, रील आपणहून किरकिरत लाइन सोडत गेली. तो तीनदा वर आला, तिसऱ्यांदा अर्धाच. जाळीत घेतला तेव्हा लीडरचा शेवटचा वीतभर भाग सँडपेपर घासल्यासारखा पांढरा पडला होता. चोणकाला कापणारे दात नसतात, पण ओठांच्या आतली कड खरखरीत असते, आणि कल्ल्याच्या झाकणाची धार तर बोट सहज कापते. म्हणून २० पौंडांच्या ब्रेडपुढे दोन-अडीच फूट ४० पौंडांचा लीडर हवाच, आणि मासा धरायला कल्ल्यात बोट घालू नये, खालचा ओठ चिमट्याने धरावा. गाठींबद्दल लोक भांडतात. मी डबल युनी बांधते, कारण ती पहाटे अंधारात, ओल्या हातांनीही जमते.

ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रील लाइन सोडेल ते, अंदाजाने लावू नका. आम्ही विमानाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा लाइनला अडकवतो आणि अडीच किलोला रील सुटेल असा ड्रॅग लावतो. म्हणजे लाइनच्या ताकदीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा. लेकीच्या हातात रॉड असेल तर दोन किलो.

आता सामान कसं टिकलं ते. रॉडबद्दल तक्रार जवळजवळ नाही. टोकाच्या कडीतली सिरॅमिकची चकती फेब्रुवारीत निसटली. ती तशीच ठेवली असती तर ब्रेड चिरत गेली असती, म्हणून म्हापशात नवी बसवून घेतली. मूठ कॉर्कची नाही, फोमची आहे, आणि खाऱ्या हवेला तीच बरी. रीलचा ड्रॅग अजून मऊ सुटतो. दुखणं लाइन रोलरचं. बेलच्या, म्हणजे रीलवरच्या तारेच्या कमानीच्या, कोपऱ्यातली ती बारीक चाकी, जिच्यावरून लाइन वळते, तिच्या आतलं बेअरिंग जानेवारीपासून कुरकुरायला लागलं आणि आता फिरतच नाही. 'सॉल्टवॉटर' असं डब्यावर छापलेलं होतं. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. खाऱ्या पाण्याची म्हणून विकलेली रील गंजली तर ते वॉरंटीत बसत नाही, हे लॉजिक ज्याने काढलं त्याला माझा नमस्कार. नवं बेअरिंग शंभर-दीडशे रुपयांत येतं, तेव्हा रील वाया गेलेली नाही. ती घरी आणल्यावर ड्रॅगची चकती घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुते. घट्ट न करता धुतली तर पाणी आत वॉशरपर्यंत जातं. ब्रेडचा हिरवा रंग उडून ती राखाडी झालीय, ताकद तीच आहे. पहिले वीस-पंचवीस हात कापून टाकले आणि लाइन उलटी भरून घेतली.

पोरांच्या नावाने विकतात तो बटणाचा, झाकलेल्या तोंडाचा सेटही घेतला होता, भाच्यासाठी. बटण दाबा, फेका, सोडा. शिकायला फार छान, सहा-सात वर्षांचं मूल दहा मिनिटांत फेकायला लागतं. पण झाकणाच्या आत मीठ साचतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. आमचा दिवाळीपर्यंतही टिकला नाही. घ्यायचाच तर तळ्या-धरणावर वापरा, खाडीत नको.

ल्यूरबरोबर येणाऱ्या तिकाटी गऱ्या मी पहिल्याच आठवड्यात काढल्या. एकेरी गरी लावली, तिचा मागचा काटा पकडीने दाबून टाकला. मासे सुटतात म्हणणारे म्हणोत. लाइन ताणलेली ठेवली तर फारसे सुटत नाहीत, आणि मुलाच्या टोपीत अडकलेली गरी दोन सेकंदांत निघते. टोपी आणि चष्मा सगळ्यांना सक्तीचा, सासऱ्यांनाही. शिंगाळा वर आला तर मुलांनी हात लावायचा नाही. त्याचा काटा लागला की दिवसाचे बारा वाजतात.

महागाच्या ल्यूरचा विषय सासऱ्यांनी त्यांच्या पद्धतीने निकालात काढला. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये पहिला ल्यूर बुचाच्या लाकडातून कोरला आणि वर चॉकलेटचा चांदीचा कागद लावला, हे लेकीने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अंगणात पांगाऱ्याचा ओंडका. पांगारा हलका, पूर्वी जाळ्यांचे तरंगते ठोकळे त्याचेच करत. पहिले दोन पाण्यात आडवे पडले. तिसऱ्याच्या पोटात शिसं भरलं, तोंडाला पत्र्याची जीभ बसवली, तो डुलत पोहतो. त्यावर एक गोबरो (हेकरू) आलाय. सासरे हे सगळ्यांना सांगतात, म्हणून मीही सांगते.

सोडण्यावरून मात्र घरात रोज वाद. चोणक जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा मासा खाल्ला तर अंडी घालणारीच खाल्ली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटीमीटरच्या आतला आणि १२० च्या वरचा ठेवता येत नाही. आम्ही रॉडवर रंगाने खुणा केल्यात, लेक मोजते आणि निकाल देते. लहान सोडायला सासऱ्यांची हरकत नाही. मोठा सोडायचा म्हटलं की ते आम्हा दोघींकडे डोकं फिरल्यासारखं बघतात. तेवढा मोठा अजून लागलेला नाही, तोवर घरात शांतता आहे.

मुलांना घेऊन जाणार असाल तर बांधावरून किंवा धक्क्यावरूनच. पाण्यात उतरू नका. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि तिथे तर काठावरही मुलांना बसवू नये. जून-जुलैत समुद्राकडच्या खडकांवर जाऊ नका, लाट सांगून येत नाही. चोडणला जाणार असाल तर सलीम अली अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहा.

सेट घ्यायचा असेल तर हाच घ्या, पण रील ३००० ऐवजी ४००० चालेल का असं विचाराल तर लेकीच्या मनगटासाठी ३०००, तुमच्या एकट्यासाठी ४०००. लाइन रोलरचं जादा बेअरिंग आणि ४० पौंडांचा लीडर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा तारा वॉरंटीच्या त्या उत्तरासाठी कापला.