दहावीसाठी अभ्यासिका : शुल्क कशाचे, उपयोग कशाचा

पुण्यातील बहुतेक अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांवर चालतात. आम्ही मुलीचे नाव जेथे घातले, तेथे मात्र दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र खोली आहे. मासिक शुल्क ९०० रुपये, अनामत वेगळी.

सोयींबद्दल तक्रार नाही. प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी फळ्या आणि वर दिवा आहे, मोबाइल दाराजवळच्या खणात ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या आवाजात पुस्तक उघडणाऱ्या मुलांसाठी एवढी शांतताही मोठी गोष्ट आहे. मात्र शांतता मिळाली म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे; निम्मी मुले त्याच त्या ओळींवर हायलायटर फिरवत बसलेली दिसतात.

पैसे खरे वसूल होतात ते रविवारच्या चाचणीत. बीजगणिताची ४० गुणांची प्रश्नपत्रिका बोर्डाप्रमाणेच दोन तासांत सोडवून घेतात, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर नुसते गुण नसतात, तर ‘सूत्र लिहिले नाही’, ‘येथे चिन्ह बदलले’ असे शेरे समासात लाल शाईने लिहिलेले असतात. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, परंतु आठवड्याने न पाहता आठवून लिहिणारेच पुढे होते. दहावीच्या मुलांची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे पालकांनीही ध्यानात घ्यायला हवे.

सर्वांत खटकते ती पहाटे पाचची तुकडी. झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. किशोरवयातही किमान आठ तासांची झोप लागतेच. असे असताना रात्री अकराला अभ्यासावरून उठलेल्या मुलांना पुन्हा पहाटे बोलावायचे आणि सर्वाधिक तास बसणाऱ्याचे नाव फळ्यावर झळकवायचे, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. व्यवस्थापकांच्या कानावर घातले, तर ‘पालकांचीच मागणी आहे’ असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नसावे.

घरी निवांत कोपरा असेल, तर महिन्याचे शुल्क भरण्याची गरज नाही. केवळ रविवारच्या चाचणीलाही प्रवेश मिळतो आणि तो बराच स्वस्त पडतो. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही, मुद्दाम विचारावे लागते.