काउंटरवर मिंट, आत विंडोज: झेरॉक्सच्या दुकानातला वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. सबमिशनच्या दिवसांत काउंटरवर पेनड्राईव्हची रांग लागते आणि त्यातून शॉर्टकट व्हायरस (फाईली लपवून त्यांच्या जागी खोटा शॉर्टकट ठेवणारा) येतो तो येतोच. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला काउंटरचं मशीन लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर टाकलं. आतलं डिझाईनचं मशीन विंडोज ११ वरच आहे. भाच्याचं मॅकबुक अधूनमधून हाताशी असतं.

मिंटचा खरा फायदा परवा दिसला. विद्यापीठातली एक मुलगी रडकुंडीला आलेली, "काका, प्रोजेक्ट उडाला." तिच्या लॅपटॉपवर पेनड्राईव्हमध्ये नुसता एक शॉर्टकट दिसत होता. मिंटवर लावला तर शेजारीच बिननावाचा फोल्डर, आणि सगळ्या फाईली आत जशाच्या तशा. व्हायरसने त्यांना 'लपलेली' अशी खूण लावून विंडोजपुरत्या लपवलेल्या. मिंट ती खूण मानतच नाही. त्या शॉर्टकटवर क्लिक केलं तरी इथे काही चालत नाही. पण म्हणून पेनड्राईव्ह साफ झाला असं नव्हे. तोच आतल्या मशीनला लावला तर पुन्हा तेच, म्हणून आत फक्त पीडीएफ जाते. क्लॅमएव्ही या फुकट अँटीव्हायरसने स्कॅन करतो, पण सगळा भार त्याच्यावर टाकत नाही.

विंडोजला लोक उगीच जास्त शिव्या घालतात. २०१७ च्या मे महिन्यात फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला, तो ज्या भोकातून शिरला त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर फुकट मिळतो आणि आमच्याकडे त्याने काम चोख केलंय. पण आधीच्या हार्डवेअरवाल्याने कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर टाकताना "क्रॅक आहे, अँटीव्हायरस बंद ठेवा" म्हणून सांगितलेलं! चोराला किल्ली देऊन वर कुलपाला नावं ठेवायची. आता लायसन्स घेतलंय, रोजचं खातं साधं ठेवलंय आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बायकोकडे. मलाही सांगत नाही, विचारलं की "कशाला पाहिजे?" हा पहिला प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी गल्लीत निम्म्या दुकानांत तेच चालू आहे. ते मात्र मला पटत नाही.

मॅकला व्हायरस लागत नाही, हे भाच्याचं पालुपद. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने जावाच्या भोकातून सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते. मॅकमधला गेटकीपर हा पहारेकरी अनोळखी अ‍ॅप अडवतो, हे खरं. पठ्ठ्या सेटिंगमध्ये जाऊन तरीही उघडतो.

मिंटची तक्रार एकच, आमचा जुना स्कॅनर काही केल्या चालला नाही. आणि जुने मराठी फॉन्ट, डोंगलवालं (यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) सॉफ्टवेअर विंडोजशिवाय उघडत नाही, त्यामुळे पत्रिकांचं काम आतल्याच मशीनवर. नुसतं प्रिंट काढणाऱ्या दुकानाने मिंट डोळे झाकून टाकावं.