सप्ताहाचं लाईव्ह: साडेसात हजारांत काय मिळालं

आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. माघात सप्ताह बसतो. सासूबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून त्यांचं काल्याचं कीर्तन कधी चुकलं नव्हतं. यंदा खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या चिंचवडला धाकट्या दिरांकडं अंथरुणावर. फोनवर एवढंच म्हणाल्या, "यंदा माझा काला नाही गं." त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. मी कमिटीकडं गेले आणि सांगितलं की शेवटचे तीन दिवस लाईव्ह करू, पैसे मी घालते.

बेळगावातल्या एका स्टुडिओला काम दिलं. दिवसाला अडीच हजार, तीन दिवसांचे साडेसात हजार. लग्नाचे फोटो, व्हिडिओ ही त्यांची मुख्य कामं. नाव लिहीत नाही, कारण पहिल्या रात्री जे बिघडलं ते सविस्तर सांगायचं आहे. आपल्या भागात आता सप्ताह, लग्न, वास्तुशांत, सगळ्याचं लाईव्ह मागतात आणि मागताना काय विचारायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

दोन पोरं आली, दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि सिमकार्डावर चालणारं डोंगल घेऊन. लॅपटॉपवर ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते फुकट मिळतं, त्यामुळं त्याच्यासाठी कुणी वेगळे पैसे सांगितले तर देऊ नका. कॅमेऱ्याचं चित्र ओबीएसमध्ये येतं, तिथं ते दाबून लहान केलं जातं आणि यूट्यूबकडं पाठवलं जातं. कुठल्या चॅनेलवर पाठवायचं ते ठरतं 'स्ट्रीम की'वरून. ती एक लांबलचक अक्षरांची किल्ली असते. ती ज्याच्या हाती, त्याला तुमच्या चॅनेलवर लाईव्ह करता येतं, म्हणून ग्रुपवर टाकू नये.

दुपारी चारला त्यांनी चाचणी घेतली. मंडपात आचारी आणि आम्ही चार बायका. अपलोडचा, म्हणजे इथून पाठवण्याचा, वेग आला सेकंदाला ११ मेगाबिट. आम्हाला लागणार होते ३. पोरगा म्हणाला, "काळजी करू नका मावशी, तिप्पट आहे."

रात्री नऊला कीर्तन उभं राहिलं. सव्वानवाला दिरांचा फोन, चित्र थिजलंय. साडेनवाला पुतण्याचा मेसेज. तो लष्करात आहे, आसामात. बुवांचा हात वर गेलेला आणि तिथंच अडकलेला, असा फोटो काढून त्यानं पाठवला. पोरानं पुन्हा वेग मोजला तर एक मेगाबिटसुद्धा नाही. डोंगल तेच होतं आणि सिमही तेच. बदललं होतं ते एकच, मंडपात हजारभर माणूस येऊन बसलं होतं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. कुणी व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना कीर्तन दाखवतोय, कुणी फोटो पाठवतोय. गावाला टॉवर एक. त्याची वाट सगळ्यांत वाटली गेली आणि आमच्या वाट्याला काही उरलं नाही.

माझं पहिलं सांगणं म्हणूनच हे की, वेग मोजायचा तो गर्दीच्या वेळी, आणि मोजायचा तो अपलोडचा. आपण सगळे डाऊनलोडचा आकडा बघतो, कारण आपण बघणारे. पाठवणाऱ्याला दुसरा आकडा लागतो आणि मोबाईलच्या जाळ्यात तो बहुधा बराच कमी असतो. आणखी एक घोळ मेगाबिट आणि मेगाबाइटचा. ८ बिटांचा एक बाइट. सेकंदाला ३ मेगाबिट पाठवले तर तासाला साधारण १.३५ जीबी जातात, दोन तासांच्या कीर्तनाला २.७. रोज दीड जीबी देणाऱ्या सिमवर हे जमणार नाही, हे कागदावर गुणाकार केला तरी कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. त्यांच्याकडं फायबरचं इंटरनेट आहे. दुकानापासून मंडपातल्या लॅपटॉपपर्यंत ७० मीटर. लॅनची केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून काम सरळ झालं. फायबरचा लाईनमन कन्नड बोलणारा. त्यानं येऊन वेग तपासला, केबल झाडावरून वर घेऊन दिली आणि पैसे पुढं केले तर "देवर केलस", म्हणजे देवाचं काम, म्हणून हात जोडले. अपलोड ३० च्या वर आला आणि रात्री मंडप गच्च भरल्यावरही तेवढाच राहिला. त्या रात्री दहा मिनिटं लाईट गेली. मंडपाला जनरेटर होता, पण राउटर दुकानात. दुकानदारांनी राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर घेतल्या होत्या, म्हणून लाईव्ह तुटलं नाही. हे त्यांना सुचलं, स्टुडिओवाल्यांना सुचलं नव्हतं.

कमिटीच्या अध्यक्षांना वेगळीच भीती. लिंक मुंबईच्या मंडळाला पाठवली, गोव्याला कामाला असलेल्या पोरांनाही गेली, तर पाचशे माणसं बघायला लागतील आणि आपली लाईन तुंबेल. मलाही ते पटलं होतं. तसं होत नाही. गावातून यूट्यूबकडं चित्र एकदाच जातं. त्याच्या प्रती काढून ज्याला त्याला वाटायचं काम त्यांचे सर्व्हर करतात. बघणारे पाच असोत की पाचशे, आपल्या केबलवर तेवढाच भार.

तिकडं पोचल्यावर त्या चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा लहानमोठ्या दर्जांत तयार ठेवतात, १४४, ३६०, ७२० असा. बघणाऱ्याचा फोन आपल्या नेटच्या ताकदीप्रमाणं तुकडा उचलतो, म्हणून चित्र मधेच अंधुक होतं आणि परत स्वच्छ होतं. शिवाय दोन-चार तुकडे तो हाताशी राखून ठेवतो. गिरणीत वरच्या तोंडात धान्य शिल्लक असेल तोवर पीठ सलग पडतं, तसं. ते संपलं की मधे गोल फिरत बसतं, त्यालाच बफरिंग म्हणतात. सगळ्यांचं एकदम अडकलं तर दोष पाठवणाऱ्याकडं. एकट्याचंच अडकलं तर त्याच्या घरच्या नेटमध्ये. पहिल्या रात्री चिंचवड आणि आसाम एकाच क्षणी थिजले, तेव्हाच हे ओळखता आलं असतं.

या तुकड्यांमुळंच उशीर होतो. दुसऱ्या रात्री मी सासूबाईंशी फोनवर बोलत मंडपाच्या कडेला उभी होते. इथं 'पुंडलिक वरदा'चा गजर झाला, तो त्यांना फोनातून ऐकू आला. मग वीसेक सेकंदांनी त्यांच्या टीव्हीवर तोच गजर. त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, दोनदा मिळाला मला." तांत्रिक भाषेत याला लेटन्सी म्हणतात. ती कमी करता येते, सेटिंग असतं, पण कमी केली की राखीव तुकडेही कमी होतात आणि अडकण्याची शक्यता वाढते. कीर्तनाला वीस सेकंदांनी काही बिघडत नाही. आम्ही तसंच ठेवलं.

आता आवाज. माझ्या मते लाईव्हच्या कामाचा निम्म्याहून जास्त पैसा आवाजाचा असतो आणि यांचं सगळं लक्ष कॅमेऱ्यावर. पहिल्या रात्री आवाज घेतला कॅमेऱ्याच्या माईकवरून. कॅमेरा मागं, शेजारी कर्णा, समोर वीस टाळकरी आणि पखवाज. बुवांचा एक शब्द कळत नव्हता. चित्र थिजलं तरी कीर्तन ऐकता येतं. आवाज गेला तर हाती काय राहिलं? मी शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे, मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू येत नसेल तर त्याचं काय होतं हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मंडपाच्या साऊंडवाल्याला विचारून त्याच्या मिक्सरमधून सरळ वायर लॅपटॉपला घेतली. बुवांचा शब्द न् शब्द स्वच्छ. पण आसामातून कळलं की आवाज इयरफोनच्या एकाच कानात येतोय. वायर डाव्या बाजूलाच लागली होती. ओबीएसमध्ये 'मोनो' केल्यावर दोन्ही कानांत आला. मग सासूबाईंची तक्रार, "माणसं कुठं गेली गं?" मिक्सरमध्ये ज्यांच्यापुढं माईक आहे तेवढेच येतात. बुवा म्हणतात 'विठ्ठल विठ्ठल' आणि मंडप जे उत्तर देतो ते येतच नाही. तिसऱ्या दिवशी गर्दीकडं तोंड करून एक माईक खांबाला बांधला आणि तो अगदी हलका ठेवला. मग ते सप्ताहासारखं वाटायला लागलं. या एका माईकसाठी मी स्टुडिओच्या मोठ्या पोराला पैकीच्या पैकी देते. तक्रार ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं नाही, खांबावर स्वतः चढला.

कीर्तनाआधी साऊंडवाला भक्तिगीतं लावतो, ती लाईव्हमध्ये जाऊ देऊ नका. यूट्यूब कंपन्यांची गाणी आपोआप ओळखतं आणि कधीकधी प्रक्षेपणच थांबवतं. आम्ही हरिपाठापासून सुरू केलं.

ज्यांना स्टुडिओ परवडत नाही त्यांनी मोबाईलवरूनही करावं, पण आदल्या दिवशी जागं होऊन चालत नाही. नव्या चॅनेलवर लाईव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात आणि मोबाईलवरून करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ही पन्नासाची अट नाही.

काल्याच्या दिवशी बुवांनी हंडी फोडली तेव्हा दिरांनी घरी दही-पोह्यांची वाटी सासूबाईंच्या हातात दिली होती. त्यांनी ती टीव्हीसमोर धरली आणि मगच खाल्ली. बारा तासांच्या आतलं लाईव्ह चॅनेलवर आपोआप राहतं, त्यामुळं आता सासूबाई रोज दुपारी तिसऱ्या दिवसाचं कीर्तन परत लावायला सांगतात. पहिल्या दिवसाचं लावत नाहीत.

स्टुडिओला मी पूर्ण पैसे दिले. पहिली रात्र वाया गेली म्हणून कापून घ्या, असं त्यांनीच म्हटलं होतं. पुढच्या माघासाठी त्यांनाच सांगितलंय आणि हजार रुपये आगाऊ दिलेत. फायबर, केबल आणि इन्व्हर्टर आम्ही बघणार. ते सप्ताह बसायच्या आदल्या रात्री येऊन भजनाच्या वेळी आवाजाची चाचणी घेणार, असं कागदावर लिहून घेतलं आहे.