निकेलच्या पाण्याला चुना की बगॅस?

मामेभावाचं निकेल प्लेटिंगचं (धातूवर निकेलचा मुलामा चढवायचं) छोटं युनिट आहे. सांडपाण्यातलं निकेल काढायला तो चुना वापरतो. परवा विचारत होता, "दादा, चुना बंद करून निकेल शोषायला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, भरू का? साखर कारखाना शेजारीच आहे, फुकटात काम होईल."

फुकट कसलं! कारखाने बगॅस स्वतःच्याच बॉयलरला जाळतात आणि वीज विकतात. मिळाला तरी चाळा, धुवा, वाळवा. मी बादलीत मूठभर भिजवून पाहिला, तर पाणी चहासारखं उतरलं. तसाच भरला तर निकेल घटेल, पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढून बसेल. चुना पोत्यानं येतो, ढवळला की काम सुरू.

खरा फरक पाणी किती दाट आहे, म्हणजे त्यात निकेल किती आहे, यात आहे. दाट पाण्यात बगॅस निकेलनं लगेच भरून जातो, पुढं शोषत नाही. तिथं चुन्यानं पीएच १० च्या वर नेऊन निकेल तळाशी बसवलेलंच बरं. धुवणीच्या पातळ पाण्यात मात्र चुना उगाच जास्त जातो. तिथं बगॅसचा कॉलम (बगॅस भरलेली उभी नळी, तिच्यातून पाणी सोडायचं) शोभतो, पीएच ५-६ ठेवून. पाण्यात सायट्रेट किंवा अमोनिया असेल तर दोघंही अडखळतात.

कचरा दोन्हीकडे घातकच. चुन्याचा गाळ ढिगानं निघतो. बगॅस आम्लानं धुऊन काही वेळा पुन्हा वापरता येतो, पण चुलीत घालायचा नाही म्हणजे नाही.

एकटा माणूस, दाट पाणी: चुना. पातळ पाणी, जागा आणि रोज नमुना तपासणारं कुणीतरी: बगॅस. मामेभावाला म्हटलं, चुना राहू दे, मागे बगॅसचा एक ड्रम लाव. बाहेर सोडायच्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे.