टेम्परेचर गन : पाचपैकी दोन तारे, त्यातला एक काजळीचा

मागच्या उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेली वस्तू आहे. पिस्तुलासारखी मूठ, घोडा दाबला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि मागच्या पडद्यावर तिच्या तापमानाचा आकडा येतो. किंमत ११५० रुपये. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी पाच दिवसांत पोचली. पार्सलवाल्यानं ती घरी न आणता पानठेल्यावर ठेवली, पण त्याबद्दल तक्रार नाही, मी रोज तिथंच असतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते या जातीच्या सगळ्याच स्वस्त गनना लागू आहे.

मी ती घेतली विमानाच्या पंखासाठी. हसू नका. तरुणपणी मी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये कापडकाम करत होतो. तेव्हा शिकाऊ पायलट पुष्पकवर हात बसवत. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं दोन माणसांचं विमान, पहिलं उड्डाण १९५८ चं, आणि ते घडवलं आपल्या विमान-इंजिनिअर विष्णू माधव घाटग्यांच्या हाताखाली. पोटात पोलादी नळ्या, वर कापड. त्या कापडाला डोप नावाचं रसायन फासायचं, वाळताना ते कापड आवळून घ्यायचं. पावसाळ्यात हवेत ओल असली की डोप पांढरं पडे आणि आमची बोलणी खायची वेळ येई. सुती कापड नवं असताना इंचाला ८० पौंड ताण सोसायचं, ५६ च्या खाली आलं की उतरवायचं. हे आकडे अजून झोपेत सांगतो, बायकोच्या औषधांच्या वेळा मात्र लिहून ठेवाव्या लागतात.

तर, इथून जवळच्या एका कॉलेजात असं एक कापडी विमान पोरांना शिकवायला शेडमध्ये उभं आहे. ते उडत नाही, उडणारही नाही. उडणारं असतं तर परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय मी त्याला बोटही लावलं नसतं, तुम्हीही लावू नका. पंखाच्या वरच्या अंगाला फासळ्यांच्या मधे झोळ पडला होता. एक पोरगा म्हणाला, "काकाजी, हे तं झोळीवानी लटकून राह्यलं. इस्त्री फिरवू का?"

त्याला थांबवलं. एक तर जुन्या रंगात नायट्रेट डोप असेल तर ते भडकन पेट घेतं, त्यावर इस्त्री म्हणजे आगीला आवतण. दुसरं, कापड ढिलं का झालं ते आधी पाहावं. शेडच्या छपराला मधे एक पारदर्शक पत्रा आहे, त्यातून वर्षानुवर्षं ऊन नेमकं त्याच पंखावर पडत होतं. अंगठ्यानं दाबलं तर रंग तडकला आणि खालचं कापड कागदासारखं फाटलं. उन्हानं कुजलेलं कापड ताणून काय करता? सगळं उतरवायचं ठरलं.

नवं कापड पॉलिएस्टरचं. कापसाच्या मुलखात बसून पंखाला पॉलिएस्टर चढवताना मला थोडं चोरट्यासारखं वाटलं, पण उन्हापावसात तेच जास्त टिकतं. हे कापड दुकानातल्या पँटपीससारखं नसतं. पँटपीस आधीच उष्णतेनं बसवलेलं असतं. विमानाचं कापड तसं बसवलेलं नसतं, म्हणून गरम केलं की आखडतं. चौकटीला ते गोंदानं चिकटवायचं, हातानं ताणत बसायचं नाही, आवळायचं काम इस्त्रीवर सोडायचं. पहिला हात १२१ अंश सेल्सिअसला, शेवटचा १७७ ला. १७७ ला ते सगळ्यात घट्ट होतं. त्याच्या फार वर गेलात तर आवळलेलं कापड उलटं ढिलं पडतं आणि मग काही केल्या परत येत नाही. २५० च्या पुढे तर वितळतंच.

घरच्या इस्त्रीवर असे आकडे नसतात, ठिपके असतात. एक ठिपका ११०, दोन १५०, तीन २००, तेही अंदाजानं. म्हणून ही गन घेतली.

सुरुवात डाव्या एलेरॉनवर केली, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी झडप, छोटा भाग म्हणून. खरं तर आधी लाकडी चौकटीवर तुकडा लावून पाहायला हवं होतं. हँगरमध्ये मीच पोरांना तसं सांगत असे. पण भोवती वीस पोरं मोबाइल धरून उभी, म्हातारा फुगला. माझी जुनी जड इस्त्री, चकचकीत तळाची. गन रोखली, ७०. बटण वाढवलं, ९०. आणखी वाढवलं, तेव्हा कुठं १२१ दिसलं. इस्त्री टेकवली. पहिल्या दोन फेऱ्यांत सुरकुत्या अशा पळाल्या की पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला कापडावर तेलकट चमक आली, मग मधोमध ते बसलं, आणि टिचकी मारली तर डफासारखं वाजायच्या ऐवजी ओल्या गोणपाटासारखं वाजलं. टाळ्या थांबल्या. मी म्हटलं, "कापडात खोट आहे." खोटं बोललो.

घरी येऊन दोन इस्त्र्या शेजारी ठेवल्या, माझी आणि सुनेची. तिची नव्या पद्धतीची, काळ्या नॉनस्टिक तळाची. दोन्हींवर पाण्याचे थेंब टाकले, दोन्हींवर सारखेच नाचले. गन काय सांगते? तिची १९५, माझी ११०.

बसस्टँडजवळच्या रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून थर्मोकपल असलेला मल्टिमीटर आणला, म्हणजे तारेचं टोक जिथं टेकेल तिथलं तापमान दाखवणारा. "परत आणजा पण," एवढंच तो बोलला. तारेचं टोक सुती घडीवर ठेवून वर इस्त्री टेकवली. ज्या खुणेवर गन १२१ दाखवत होती, तिथं मीटर २१० च्या वर. म्हणजे एलेरॉनचं कापड पहिल्याच हाताला मी जाळलं होतं.

कारण सोपं आहे, खोक्यात मात्र त्याचा एक शब्द नाही. ही गन वस्तूला शिवत नाही, वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजते. काळी, खरबरीत वस्तू ती भरपूर सोडते. चकचकीत धातू फार कमी सोडतो, उलट भोवतालचंच परतवतो. गन मात्र समोरचं सगळं जवळजवळ काळंच आहे असं धरून हिशेब करते. महागड्या गनमध्ये हा हिशेब बदलायची सोय असते, माझ्यात नाही. आणि तो लाल ठिपका काही मोजत नाही, फक्त रोख दाखवतो. माझी गन बारा इंचांवरून इंचभर वर्तुळाची सरासरी घेते, लांब गेलात तर भिंतही मोजते.

उपाय रॉकेलच्या चिमणीत सापडला. तळाच्या एका कोपऱ्यावर रुपयाएवढी काजळी धरली आणि तिथंच गन रोखली. मीटरच्या चार-पाच अंश इकडंतिकडं आकडा आला. मोजून झालं की फडक्यानं पुसून टाकायची, नाहीतर कापड काळं होतं. एक तारा त्या काजळीचा, दुसरा गनच्या स्वस्ताईचा.

बाकी उपयोग? मोटरपंपाचं बेअरिंग तापलं का हे लांबून कळतं. सोयाबीनच्या गंजीवर रोखू नका, ती वरचं साल मोजते, गंजी आतून तापते. नातू बैलाच्या कपाळावर रोखतो, बैलाला आवडत नाही.

माझ्यासारखं काम असेल तर त्याहून कमी पैशात थर्मोकपलवाला मल्टिमीटर घ्या. मी शेवटी घेतला, ७०० रुपये. एलेरॉनवर दुसरं कापड चढवलं, १२१ ला एक हात, मग मधे थांबत १७७. या वेळी आधी चौकटीवर पाहिलं. पोरांना खोट कशात होती तेही सांगितलं. आता फासळ्यांना कापड शिवायचं राहिलंय, मेण लावलेल्या दोरीची वाट पाहतोय.

गन परत करायची मुदत दहा दिवसांची होती. ती एलेरॉनवरच संपली.